गव्हाणीतला पेंढा: नाताळाआधीचे चार आठवडे घरी कसे पाळावेत

आगमनकाळात रविवार चार असतात, पण दिवस दर वर्षी सारखे नसतात. 25 डिसेंबरच्या आधीचा चौथा रविवार धरायचा. तो 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्यामध्ये कधीही येतो, म्हणून हा काळ कधी 22 दिवसांचा असतो, तर कधी 28 दिवसांचा. 2026 मध्ये तो 29 नोव्हेंबरला सुरू होतो आणि हातात 26 दिवस येतात. 2027 मध्ये 28 नोव्हेंबरपासून 27 दिवस. तारीख महिनाभर आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवावी. बऱ्याच घरांत पहिला रविवार निघून गेल्यावर कुणाला तरी आठवण होते, मग सगळं घाईत सुरू होतं आणि दुसऱ्या आठवड्यातच बंद पडतं.

या दिवसांत करण्यासारखं पुष्कळ आहे आणि सगळं करायला गेलं की आईच्या पाठीचा काटा ढिला होतो. पहिल्याच वर्षी ही परंपरा घरात आणत असाल तर दोनच गोष्टी धरा: रिकामी गव्हाण आणि संध्याकाळची दहा मिनिटं. बाकीचं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी.

गव्हाण

पद्धत जुनी आहे आणि साधी आहे. घरात एक रिकामी गव्हाण ठेवायची. घरातल्या कोणीही कुणासाठी गुपचूप एखादं चांगलं काम केलं की पेंढ्याची एक काडी तिच्यात टाकायची. 24 तारखेच्या रात्री त्या पेंढ्यावर बाळ येशूला निजवायचं.

बाळाची मूर्ती 10 ते 12 सेंटीमीटरची असेल तर गव्हाण 15 बाय 10 सेंटीमीटरची आणि 8 सेंटीमीटर खोल पुरते. लहान मुलांच्या बुटांचा खोका याच मापाच्या जवळपास असतो. त्याच्या कडा कापून थोड्या तिरक्या करा आणि बाहेरून तपकिरी कागद चिकटवा. मूर्ती मोठी असेल तर तिच्या लांबीपेक्षा तीन-चार सेंटीमीटर जास्त धरा. खोका फार मोठा घेऊ नका. चार माणसांच्या घरात रोज प्रत्येकी दोन-तीन काड्या पडल्या तर 26 दिवसांत अडीचशे-तीनशे होतात, आणि तेवढ्यात या मापाच्या गव्हाणीत तीन-चार सेंटीमीटरचा थर बसतो. दुप्पट मोठ्या खोक्यात तोच पेंढा तळाशी पसरून राहतो आणि मुलांना वाटतं, आपण काहीच केलं नाही.

वसई, पालघर, रायगड, कोकण, गोवा या भागांत नोव्हेंबरात भाताची कापणी-झोडणी आटोपलेली असते, तेव्हा पेंढा विकत घ्यावा लागत नाही. शहरात तबेल्यात मागितलं तर पिशवीभर मिळतो. दोन दिवस कडक उन्हात घाला, कारण त्यात कीड असते. मग कुसळं आणि पातं काढून टाका, नुसती दांडी घ्या आणि 10 सेंटीमीटरचे तुकडे करा. खराट्याच्या काड्या वापरू नका. त्या टोचतात, आणि टोचणाऱ्या बिछान्यावर बाळाला कसं निजवायचं हा प्रश्न तीन वर्षांचं मूलसुद्धा विचारतं. पेंढा मिळालाच नाही तर तपकिरी कागदाच्या एक सेंटीमीटर रुंद पट्ट्या चालतात.

काड्या एका वाडग्यात, गव्हाणीशेजारी, सगळ्यांत धाकट्याचा हात पोचेल अशा ठिकाणी ठेवा. हॉलमधल्या टीव्हीखाली नको. तिथे काडी टाकणारा सगळ्यांच्या नजरेत येतो. आतल्या खोलीतलं टेबल, वेदीचा कोपरा किंवा जिन्याखालची जागा बरी.

आता नियम. तीनच आहेत, पण पहिल्या दिवशी सगळ्यांना बसवून नीट सांगायला हवेत. एक, काम कुणी केलं आणि काडी कुणी टाकली हे बोलायचं नाही. दोन, जे काम तसंही आपल्याच वाट्याचं आहे त्याची काडी नाही. आपलं ताट उचललं, गृहपाठ केला, यात विशेष काही नाही. तीन, कुणी सांगितल्यावर केलेल्या कामाची काडी नाही. आईबाबांना, आजीआजोबांनाही हेच नियम. मोठी माणसं काड्या टाकत नसतील तर मुलं आठ दिवसांत ओळखतात की हा खेळ फक्त आपल्याला वळण लावायला मांडलाय, आणि मग त्यातला रस जातो.

गुप्तपणाचा नियम सगळ्यांत कठीण आहे आणि तो मोडला तर बाकीचं काही उरत नाही. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू देऊ नये, हे बायबलमधल्या मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं वचन मुलांना आधीच वाचून दाखवा. तरी पहिल्याच दिवशी धाकटा धावत येणार: “आई, मी काय केलं सांगू?” त्यावर “शाब्बास, सांग” म्हणायचा मोह होतो. म्हणायचं एवढंच: “काडी टाकलीस ना? मग झालं.” आवाजात कौतुक असू द्या, पण काय केलं ते ऐकू नका. पाच-सहा दिवसांत मूल सांगायला येणं थांबवतं आणि काडी टाकून येताना त्याच्या चेहऱ्यावर काही वेगळं दिसतं. शाबासकीसाठी चांगलं वागणारं मूल आणि कुणी बघत नसताना चांगलं वागणारं मूल यांच्यातला फरक इथे पडायला सुरुवात होते.

मग कौतुक करायचंच नाही का? करायचं, पण नाव न घेता. रविवारच्या प्रार्थनेत म्हणा: “प्रभू, या आठवड्यात आपल्या घरात कुणीतरी आजीला न सांगता तिच्या गोळ्या आणि पाणी उशाशी नेऊन ठेवलं. त्याबद्दल तुझे आभार.” ज्याने केलं त्याला कळतं. इतरांना कळत नाही, पण घरात असं काही चालू आहे हे कळतं.

कामं कोणती, हे मुलांना सुरुवातीला सुचत नाही. तीन ते पाच वर्षांच्या मुलासाठी: दारातल्या सगळ्यांच्या चपला जोडीने लावणं, आजोबांचा चष्मा शोधून देणं, खाऊतला मोठा तुकडा भावाला देणं. सहा ते नऊच्या मुलासाठी: ताईचं अंथरूण घडी करून ठेवणं, मधल्या सुट्टीत एकट्याच बसणाऱ्या मुलासोबत डबा खाणं, सोसायटीच्या सफाई कामगाराला त्यांच्या नावाने नमस्कार करणं. नाव माहीत नसेल तर आधी विचारावं लागतं, आणि तेच खरं काम आहे. दहाच्या पुढच्या मुलांना हात-पायांची कामं देऊन भागत नाही. त्यांच्यासाठी न दिसणारी कामं सांगा. जिभेवर आलेलं उलट उत्तर गिळलं, एक काडी. मित्राची टिंगल चालू असताना हसलो नाही, एक काडी. पेपर तपासून मिळाला, बेरीज चुकून दोन मार्क जास्त पडले होते आणि ते बाईंना जाऊन सांगितलं, तर एक नाही, मूठभर टाकावीशी वाटेल. पण नियमाने एकच.

काही ठिकाणी हमखास बिघडतं.

काड्या मोजल्या जातात. मोठा म्हणतो, “माझ्या दहा झाल्या, हिच्या तीनच.” म्हणूनच काड्यांना रंग द्यायचा नाही, नावाची चिठ्ठी लावायची नाही, प्रत्येकाची वेगळी गव्हाण करायची नाही. अख्ख्या घराची एकच.

धाकटा एकदम मूठभर काड्या टाकतो. टाकू द्या. तीन वर्षांच्या मुलाला हिशेब नसतो. त्याच्यासमोर काड्या काढून घेतल्या तर त्याला एवढंच समजतं की आपण दिलेलं परत घेतलं.

आणि सगळ्यांत मोठी चूक आईकडून होते. मुलं भांडायला लागली, कंटाळा आला आणि तोंडातून गेलं, “थांबा, आता सगळा पेंढाच काढून टाकते.” हे एकदा जरी म्हटलं तरी गव्हाण संपली. ती शिक्षेची काठी झाली. पडलेली काडी कधीच बाहेर काढायची नाही. शिक्षा द्यायचीच असेल तर तिची जागा दुसरीकडे.

दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावर उत्साह ओसरतो. हे प्रत्येक घरात होतं. त्या रविवारी चिठ्ठ्या काढा. घरातल्या सगळ्यांची नावं लिहा, प्रत्येकाने एक उचलायची आणि पुढच्या रविवारपर्यंत त्या माणसाचा गुप्त देवदूत व्हायचं. स्वतःचीच चिठ्ठी आली तर परत टाका. बाबांना धाकटीची चिठ्ठी आली की काय होतं ते बघण्यासारखं असतं.

एक प्रश्न प्रॉटेस्टंट घरांत आजी हमखास विचारतात: कर्मांनी तारण, म्हणजे मुक्ती, मिळत नाही, मग मुलांना हे असं का शिकवायचं? प्रश्न योग्य आहे आणि उत्तर मुलांसमोरच द्यावं. पेंढा येशूला बोलावत नाही. गव्हाणीत तीन काड्या असल्या तरी 24 तारखेला बाळ तिथेच निजणार आहे. बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, कृपेची गोष्ट आधी आणि सत्कर्मांची नंतर येते, त्याच क्रमाने सांगा. पाहुणा येणारच आहे, आपण फक्त अंथरूण घालतोय. कॅथलिक घरांतही हे सांगणं गरजेचं आहे. मनाने हळवी मुलं रिकामी गव्हाण बघून घाबरतात.

संध्याकाळची दहा मिनिटं

या दहा मिनिटांत लावायचं चार मेणबत्त्यांचं चक्र मूळचं जर्मनीतलं. 1839 मध्ये हँबर्गला योहान हिनरिक विखर्न हे गरीब मुलांचा आश्रम चालवत. ‘नाताळ कधी, नाताळ कधी’ असं मुलं रोज विचारत, म्हणून त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर चार मोठ्या पांढऱ्या आणि वीस छोट्या लाल मेणबत्त्या बसवल्या. रविवारी मोठी लावायची, इतर दिवशी छोटी. म्हणजे हे चक्र उतावळ्या मुलांसाठीच बनलेलं आहे, आणि म्हणून ते पेटवण्याचा मान मोठ्या माणसांनी बळकावू नये.

आपल्याकडे स्टीलची परात घ्या, तिच्यात दोन बोटं वाळू भरा आणि चार मेणबत्त्या रोवा. कॅथलिक घरांत तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारी, कारण तो आनंदाचा रविवार. रंगीत मिळाल्या नाहीत तर पांढऱ्याच घ्या आणि जांभळ्या कापडाची पट्टी परातीच्या कडेला बांधा, मेणबत्तीला नको. प्रॉटेस्टंट घरांत आशा, शांती, आनंद, प्रीती अशी नावं देतात, आणि मधोमध पाचवी पांढरी ख्रिस्ताची मेणबत्ती 24 तारखेला लावतात.

मेणबत्तीची जाडी बघून घ्या. पहिली मेणबत्ती रोज दहा मिनिटं लावली तर 26 दिवसांत सव्वाचार तासांच्या वर जळते. किराणा दुकानातली बारीक मेणबत्ती तिसऱ्या रविवारपर्यंत संपते. पाच सेंटीमीटर जाड घ्या. भोवतीच्या हिरवळीसाठी लोक सुरूच्या फांद्या लावतात. दिसतात छान, पण आठ दिवसांत कोरड्या होऊन काडेपेटीसारख्या पेट घेतात. आंब्याची किंवा पेरूची पानं लावा आणि दर रविवारी बदला. ज्योतीपासून पान चार बोटं लांब.

या दहा मिनिटांचा क्रम रोज एकच ठेवा. दिवा मालवायचा, मेणबत्ती लावायची, पाच ते आठ ओव्या किंवा वचनं वाचायची, मिनिटभर गप्प बसायचं, प्रत्येकाने एका वाक्यात प्रार्थना करायची, प्रभूची प्रार्थना म्हणायची, आणि एक गीत. गीत चारही आठवडे तेच. एकच गीत 26 वेळा म्हटलं की चार वर्षांच्या मुलालाही पाठ होतं. रोज नवीन काढलं तर आईच एकटी म्हणत बसते. घरात रोज रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ, होत असेल तर तिच्या आधी मेणबत्ती आणि वाचन घ्या आणि रोझरी नेहमीसारखी चालू द्या. मुलं फार लहान असतील तर त्यांना एका दशकानंतर, म्हणजे माळेच्या दहा मण्यांनंतर, उठू द्या.

वाचनासाठी पहिल्या आठवड्यात यशयाचा नववा अध्याय, अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला तो भाग. दुसऱ्यात यशया 40 ची पहिली पाच वचनं आणि बाप्तिस्मा करणारा योहान. तिसऱ्यात लूक 1, मरियेला देवदूताचा निरोप आणि अलीशिबेची भेट, शिवाय मत्तय 1 मधली योसेफाची अडचण. चौथ्यात लूक 2. मागी लोकांचा, म्हणजे तीन राजांचा अध्याय, मत्तय 2, नाताळानंतर वाचायचा. आधीच वाचला तर पुढे मुलांसाठी काही राहत नाही.

वेळ जेवणाआधीची. जेवणानंतर बाबा सोफ्यावर आडवे होतात, धाकटा पेंगतो आणि मोठीला अभ्यास आठवतो. बाबा रात्रपाळीला असतील तर सकाळी शाळेच्या आधी पाच मिनिटं बसा. पाच मिनिटं रोज बसलेली, अर्धा तास दोनदा बसल्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं वाचायला बसू नका. चुकला तो चुकला.

चुकलं म्हणणं

तिसऱ्या आठवड्यात कॅथलिक घरांत पापनिवेदनाची तयारी होते. इतर घरांतही हा आठवडा भांडणं मिटवण्यासाठी ठेवायला हरकत नाही. “सॉरी म्हण” असं दरडावून म्हणून घेतलेल्या सॉरीचा काही उपयोग नसतो. दोन्ही मुलांना ते माहीत असतं. मुलाला चार वाक्यं शिकवा: मी हे केलं, त्याने तुला असा त्रास झाला, माझं चुकलं, आता मी हे करीन. चौथं वाक्य गाळू देऊ नका. बायबलमधला जकातदार जक्कय नुसता रडला नाही. ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत देतो म्हणाला. वही फाडली तर नवी वही आणि फाटलेली पानं उतरवून देणं. हट्टाने ताटातलं टाकलं तर पुढच्या वेळी वाढण्याचं काम.

मूल संतापलेलं असताना हे होत नाही. वीस मिनिटं जाऊ द्या. समोरच्याने लगेच “इट्स ओके” म्हणावं असाही आग्रह नको. क्षमा करायला वेळ लागू शकतो, तेवढा द्यावा.

आणि हे मुलांनी आईच्या तोंडून ऐकलेलं असायला हवं. “सकाळी मी तुझ्यावर ओरडले. तुझी चूक नव्हती, मला उशीर झाला होता. माझं चुकलं. उद्या मी डबा रात्रीच भरून ठेवीन.” याने आईचा मान कमी होतो असं काही जुनी माणसं मानतात. होत नाही. जी आई कधीच चुकत नाही तिच्याकडे मूल स्वतःची चूक घेऊन जात नाही.

6 डिसेंबर आणि तांदळाची मूठ

6 डिसेंबर हा संत निकोलस यांचा दिवस. ते मायरा शहराचे बिशप, हल्लीच्या तुर्कस्तानातले. हुंड्यावाचून अडलेल्या तीन मुलींच्या घरात त्यांनी रात्री गुपचूप पैशांच्या पिशव्या टाकल्या, अशी त्यांची आख्यायिका. सांताक्लॉज या म्हाताऱ्याची मुळं इथे आहेत. “सांता खरा असतो का?” या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायची गरज उरत नाही: असे बिशप होते, ते गुपचूप द्यायचे, आणि त्यांच्यासारखं आता आपण द्यायचं. सहा-सात वर्षांचं मूल यावर नाराज होत नाही. त्याला देणाऱ्यांच्या बाजूला घेतलं जातंय हे त्याला आवडतं. महाराष्ट्रात हा महापरिनिर्वाण दिनही आहे. मुंबईत राहत असाल तर दादरला येणाऱ्या माणसांना पाणी देणं, हे त्या दिवसाला शोभणारं काम आहे.

देण्यासाठी पैसेच हवेत असं नाही. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायकांची ‘बुहफाई थम’ ही रीत 1910 पासून चालू आहे: प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढायचे आणि ते चर्चच्या कामाला द्यायचे. आगमनकाळापुरती ती आपल्या घरात सहज बसते. झाकणाचा एक डबा गॅसच्या कट्ट्यावर ठेवा. मोठ्या माणसाच्या मुठीत साधारण 40 ग्रॅम तांदूळ मावतात. दोन वेळा, 19 डिसेंबरपर्यंतचे 21 दिवस धरले तर दीड किलोच्या वर होतात. मूठ मुलांनी काढली तर किलोभर. तळाशी कडुनिंबाची चार सुकी पानं टाका, पोरकिडे होत नाहीत. घरात ज्वारी-बाजरीच्या भाकरी होत असतील तर पिठाऐवजी धान्य काढा, कारण पीठ महिन्याभरात कडवट होतं. 20 तारखेच्या आत ते द्यायला हवं, म्हणजे घेणाऱ्याच्या घरी सणाला उपयोगी पडेल. देताना मुलाला सोबत न्या, फोटो काढू नका. रेशन कमी पडणारं घर तुमच्याच इमारतीत असेल तर फादरांच्या किंवा पाळकांच्या हातून जाऊ द्या.

कुलकुलांची रात्र

करंज्या, शंकरपाळ्या, दोदोल, रोझ कुकी, प्रत्येक घराचं आपलं असतं. मुलांना सोबत घेऊन करायचं असेल तर कुलकुलांइतकं, म्हणजे मैद्याच्या तळलेल्या गोड गुंडाळ्यांइतकं, सोयीचं दुसरं काही नाही. मंगळुरी कोंकणीत यांना ‘किडयो’ म्हणतात, म्हणजे किडे; हे सांगितलं की मुलं तासभर हलत नाहीत.

मैदा 500 ग्रॅम, बारीक रवा 50 ग्रॅम, पिठीसाखर 100 ग्रॅम, मीठ अर्धा चमचा आणि तूप तीन मोठे चमचे. मैद्यात तूप गरम करून घाला आणि चोळून घ्या, मूठ वळली पाहिजे. मग एक अंडं फेटून घाला आणि घट्ट नारळाचं दूध थोडं थोडं घालत पीठ मळा. 150 ते 175 मिलीलिटर दूध लागतं. पीठ पुरीच्या पिठाएवढं घट्ट, पण चिरा पडणार नाहीत असं. ओल्या फडक्याखाली तासभर ठेवा. गोटीएवढ्या गोळ्या करा. नव्या कंगव्याला किंवा काट्याच्या पाठीला तेलाचं बोट लावून त्यावर गोळी अंगठ्याने पातळ दाबा आणि गुंडाळी करत उचला. एवढ्या पिठात दीडशेच्या वर होतात. वळण्याचं काम मुलांचं, तळण्याचं मोठ्यांचं. दहा वर्षांखालच्यांना कढईजवळ येऊ देऊ नये.

मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं तळा. तेलात उलगडली तर गुंडाळीची कड दाबली गेलेली नाही. बाहेरून काळी आणि आत कच्ची राहिली तर आच मोठी आहे किंवा साखर जास्त पडली. तेलकट झाली तर तेल पुरेसं तापलं नव्हतं. पिठाचा कण टाकल्यावर तो दोन-तीन सेकंदांत वर यायला हवा. दगडासारखी झाली तर मोहन कमी पडलंय. वरून साखर हवी असेल तर 150 ग्रॅम साखरेचा 60 मिलीलिटर पाण्यात दोन तारी पाक करा, त्यात कुलकुलं टाकून साखर पांढरी होईपर्यंत हलवत राहा. नारळाच्या दुधाची कुलकुलं दहा-बारा दिवसांपलीकडे खवट लागतात, म्हणून 15 डिसेंबरच्या आधी करू नका.

अर्धं पीठ अंड्याशिवाय मळा, दूध थोडं जास्त घालून. डिसेंबरात बहुतेक वेळा मार्गशीर्ष असतो आणि शेजारच्या काकूंचे गुरुवार चालू असतात. दिवाळीला ज्यांच्याकडून फराळाचं ताट आलं त्यांच्याकडे आता आपलं ताट जायचं आहे, तर ते त्यांना खाता यायला हवं. डब्यावर चिठ्ठी लावा, आणि बिनअंड्याची आधी तळा, त्याच तेलात दुसरी नंतर. ताट पोचवायला मुलाला पाठवा आणि काय सांगायचं ते शिकवा: “काकू, आमच्या नाताळाचा फराळ. यात अंडं नाही.”

गोठा

1223 मध्ये इटलीत ग्रेचो गावी असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी पहिल्यांदा गोठ्याचा देखावा उभा केला, तेव्हा खरा बैल, खरं गाढव आणि चाऱ्याने भरलेली गव्हाण होती. विकतचा प्लास्टरचा संच नसला म्हणून अडत नाही. खोका, माती आणि वाळलेलं गवत यांत गोठा उभा राहतो.

गोठ्याभोवतीची हिरवळ मात्र मुलांनी पेरावी. घटस्थापनेच्या घटात रुजतं तेच इथे रुजवायचं. पसरट ट्रेमध्ये तीन सेंटीमीटर माती, 14 तारखेच्या रात्री गहू आठ-दहा तास भिजवा, 15 तारखेला दाटीने पेरा आणि वर मातीचा पातळ थर द्या. 24 पर्यंत बोटभर उंच होतं. मोहरी पेरली तर आठवडा पुरतो. दिवसातून दोनदा पाणी शिंपडा, ओतू नका. पाणी साचलं की तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी धरते आणि वास सुटतो. अंधारात ठेवलेली हिरवळ पिवळी होते, म्हणून ट्रे खिडकीत ठेवून 24 ला गोठ्यात आणा.

बाळाची मूर्ती तोवर गोठ्यात ठेवू नका. 24 च्या मध्यरात्रीच्या मिस्सेहून किंवा उपासनेहून परतल्यावर घरातल्या सगळ्यांत धाकट्याने ती पेंढ्यावर ठेवायची. तो झोपला असेल तर सकाळी उठल्यावर, त्याच्यासाठी थांबा. गव्हाण भरली की नाही यावर त्या वेळी कुणीही बोलायचं नाही. तीन राजे त्या रात्री गोठ्यात नकोत. त्यांना घराच्या दुसऱ्या टोकाला, पुस्तकांच्या कपाटावर वगैरे उभं करा आणि रोज थोडं पुढे सरकवा. ते 6 जानेवारीला पोचतात. गोव्यात रेईश मागूश, चांदर आणि कांसावलीला त्या दिवशी राजांचा सण असतो.

गोठा 6 जानेवारीनंतर उतरवा. पेंढा गाईला घाला, गाय नसेल तर कुंड्यांतल्या मातीवर पसरा. कचऱ्याच्या डब्यात तो टाकलेला मुलांना दिसू देऊ नका. गव्हाण आणि मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळा, आणि बाळाची मूर्ती वेगळ्या छोट्या डब्यात ठेवून डब्यावर नाव लिहा. माळ्यावरच्या खोक्यात मेंढरांच्या खाली गेलेलं बाळ पुढच्या 24 डिसेंबरला रात्री साडेअकरा वाजता सापडत नाही.